बँकेने विमा मागितला नाही म्हणून घर कोरडे राहत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

न्यू जर्सी, शिकागो, कॅलिफोर्नियाहून ह्यूस्टनला बदलून येणारी मराठी कुटुंबे आणि पुण्या-मुंबईहून थेट इथे उतरणारी मंडळी घर शोधताना ठरलेले प्रश्न विचारतात. शाळा कशी आहे, ऑफिस किती मैल, प्रॉपर्टी टॅक्स किती टक्के, भारतीय किराणा कुठे मिळतो. पाण्याचा विषय सगळ्यात शेवटी निघतो आणि एका वाक्यात मिटतो : ‘झोन एक्स आहे, बँक फ्लड इन्शुरन्स मागत नाहीये.’ झोन एक्स म्हणजे पुराच्या सरकारी नकाशावर मोठ्या धोक्याच्या टापूबाहेरचा भाग. हे पत्र त्या एका वाक्याबद्दल आहे. आपला पेपर इथली मुले मोबाइलवर वाचतात आणि त्यांच्या डाउन पेमेंटसाठी पैसे धाडणारे आईवडील तिकडे कागदावर वाचतात. दोघांनाही उपयोग व्हावा.

2017 साली गणेश चतुर्थी 25 ऑगस्टला होती. त्याच रात्री हार्वे हे चौथ्या श्रेणीचे वादळ टेक्सासच्या किनाऱ्याला रॉकपोर्टजवळ धडकले. रॉकपोर्ट ह्यूस्टनपासून बरेच दूर, नैर्ऋत्येला. शहराने वारा फारसा पाहिलाच नाही. पण वादळ रेंगाळले आणि पुढचे चार दिवस पाऊस थांबला नाही. टेक्सासमधल्याच नेदरलँड या गावी एकूण 60.58 इंच, म्हणजे सुमारे 1,539 मिलिमीटर पाऊस पडला. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पडला होता, हे आठवले की अंदाज येईल. ह्यूस्टन ज्या काउंटीत (जिल्ह्यात) येते त्या एकट्या हॅरिस काउंटीत सुमारे 1,54,000 घरांत पाणी शिरले. त्यांतली दोनतृतीयांशांहून अधिक घरे ‘शंभर वर्षांच्या पूररेषे’च्या बाहेर होती आणि जवळपास तितक्याच घरांना पुराचा विमा नव्हता. बँकेने मागितला नव्हता.

आपल्याकडे जलसंपदा खाते नदीकाठी निळी आणि लाल रेषा आखते, लाल रेषा शंभर वर्षांच्या पुराची. इथे तेच काम ‘फेमा’ ही आपत्ती निवारणाची केंद्रीय संस्था करते. नकाशावर एई झोन म्हणजे दरवर्षी एक टक्का शक्यता असलेल्या पुराचा टापू. त्यात घर असेल आणि कर्ज केंद्र सरकारच्या नियंत्रणाखालच्या बँकेचे किंवा सरकारी हमीचे असेल, तर विमा सक्तीचा. बाकीचा एक्स. ‘शंभर वर्षांचा पूर’ या नावाने माणसे फसतात. दरवर्षी एक टक्का म्हणजे 30 वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत साधारण 26 टक्के, चारात एक. आणि ही रेषा मुख्यतः बायू (इथले संथ ओढे) पात्राबाहेर आले तर काय होईल यावर आखलेली असते. तुमच्या गल्लीची गटारे तुंबून पाणी उंबऱ्यापर्यंत आले तर तो पूर या नकाशात दिसणार नाही. त्यातही 2018 मध्ये ‘नोआ’ने (हवामान आणि समुद्राची केंद्रीय संस्था) पावसाचे आकडे सुधारले, तेव्हा ह्यूस्टनचा ‘शंभर वर्षांतला चोवीस तासांचा पाऊस’ 13 इंचांवरून 18 इंचांच्या आसपास गेला. अनेक नकाशांतल्या रेषा अजून जुन्या पावसावर आखलेल्या आहेत.

जमिनीचे म्हणाल तर गॅल्व्हस्टनचा समुद्र 50 मैलांवर आणि शहराची उंची सुमारे 50 फूट, म्हणजे मैलाला एक फूट उतार. माती चिकण, पाणी पिऊन घेत नाही. मुसळधार पावसात रस्त्यावर पाणी साचते ते मुद्दामच. गटारे भरली की उरलेले पाणी रस्त्यात थांबावे, घरात शिरू नये, असाच इथला आराखडा आहे. म्हणून घर बघताना खोल्या मोजण्याआधी रस्त्यावर उभे राहा आणि घराचा स्लॅब (इथे छत नव्हे, पायाचा काँक्रीटचा थर) रस्त्याच्या मध्यापेक्षा किती वर आहे ते बघा. दोन फूट असेल तर बरे. अंगणच घराकडे उतरत असेल तर पुढे जाऊ नका. ह्यूस्टन शहराच्या हद्दीत 1 सप्टेंबर 2018 पासून पूरक्षेत्रातले नवे बांधकाम पाचशे वर्षांच्या पूरपातळीपेक्षा दोन फूट उंच करावे लागते. त्यामुळे एकाच गल्लीत जुने घर खड्ड्यात आणि शेजारचे नवे ओट्यावर, असे चित्र दिसते. जुने स्वस्त का आहे, ते यातून कळते. केटी-शुगरलँडकडचा बराचसा भाग शहराच्या हद्दीबाहेर आहे. तिथे हा नियम लागू नाही, काउंटीचे आणि त्या त्या गावाचे नियम वेगळे.

केटी हे नाव निघालेच आहे तर अॅडिक्स आणि बार्कर या दोन जलाशयांवर थोडे सविस्तर लिहितो, कारण आपली माणसे त्याच पट्ट्यात जास्त राहतात. 1929 आणि 1935 च्या पुरांनंतर लष्कराच्या अभियंता दलाने 1940 च्या दशकात हे मातीचे बांध बांधले. एरवी ते कोरडे असतात. आत जंगल, सायकलचे रस्ते, फुटबॉलची मैदाने. नव्या माणसाला ती बाग वाटते आणि ‘बागेला लागून घर’ म्हणून तो दोन पैसे जास्तही मोजतो. गोम अशी, की बांधाची उंची पाहता जितके पाणी मागे साठू शकते, तितकी जमीन सरकारने घेतलीच नव्हती. सरकारी कुंपणाच्या पलीकडची, पण बांध भरला तर पाण्याखाली जाणारी जमीन खासगी राहिली आणि तिच्यावर वसाहती उठल्या. हार्वेत नेमके तेच झाले, मागच्या वसाहतींत पाणी चढले. 28 ऑगस्टच्या पहाटे दरवाजे उघडावे लागले तेव्हा खालच्या अंगाला बफेलो बायूकाठची घरेही बुडाली. वरच्या बाजूच्या घरमालकांच्या दाव्यात केंद्रीय दावे न्यायालयाने 2019 मध्ये सरकारला जबाबदार धरले.

आता कागद. फोर्ट बेंड काउंटीत बार्करलगतच्या काही वसाहतींच्या नोंदणीकृत आराखड्यावर बारीक अक्षरात एक टीप आहे : ही वसाहत बार्कर जलाशयाला लागून असून अभियंता दलाच्या नियंत्रणाखाली दीर्घकाळ पाण्याखाली जाऊ शकते. या आराखड्याला इथे ‘प्लॅट’ म्हणतात. आपल्याकडच्या मंजूर ले-आउटसारखाच तो असतो आणि काउंटी क्लार्ककडे मिळतो. खरेदीच्या दिवशी सह्या करायच्या कागदांच्या गठ्ठ्यात तो कुणी वाचत नाही. टायटल कंपनीकडून (मालकीहक्काचे कागद तपासणारी कंपनी) आधी मागून घ्या आणि टिपा वाचा. बांधामागचा हा टापू शंभर वर्षांच्या नकाशावर एक्समध्ये असू शकतो. ‘फ्लड पूल’ (बांध भरला तर पाण्याखाली जाणारी जमीन) हा शब्द वेगळा विचारावा लागतो.

टेक्सासमध्ये 1 सप्टेंबर 2019 पासून विक्रेत्याच्या माहितीपत्रकात हे प्रश्न स्पष्ट आहेत. घरात कधी पाणी आले का, पुराचा दावा केला होता का, शंभर वा पाचशे वर्षांच्या पूरक्षेत्रात, फ्लडवेत (पुराचे पाणी वाहून जाण्याच्या वाटेत), फ्लड पूलमध्ये किंवा जलाशयात घर आहे का. पत्रक हातात आले की या ओळी आधी वाचा. मात्र कुणी न राहिलेल्या नव्या कोऱ्या घरासाठी बिल्डरला हे पत्रक द्यावे लागत नाही. आपल्या लोकांना नवेच घर हवे असते, त्यामुळे ज्याला हा कागद सर्वांत जास्त लागतो त्याच्याच हाती तो पडत नाही. अशा वेळी काउंटीच्या पूरनियंत्रण विभागाच्या नकाशावर त्या भूखंडाचा पत्ता टाकून बघा आणि वसाहतीचा डिटेन्शन तलाव (पावसाचे पाणी तात्पुरते साठवणारा) भरल्यावर पाणी कुठे जाते, हे बिल्डरला लेखी विचारा.

जुने घर असेल तर करारानंतरचे सात ते दहा दिवस (ऑप्शन पिरियड, यात ऑप्शन फी सोडून करार मोडता येतो) हाच काय तो मोकळा वेळ. ऑप्शन फी सोडून द्यावी लागली तरी चालेल, पण या दिवसांत चार कामे उरका. विक्रेत्याला ‘क्लू’ रिपोर्ट काढायला सांगा. त्यात गेल्या सात वर्षांतले विम्याचे दावे दिसतात. एलेव्हेशन सर्टिफिकेट आहे का विचारा, त्यात सर्वांत खालच्या मजल्याची आणि पूरपातळीची उंची शेजारी शेजारी लिहिलेली असते. पुराच्या विम्याचे कोटेशन आधीच घ्या. आणि संध्याकाळी पायी फिरून दोन शेजाऱ्यांना विचारा की 2017 ला इथे पाणी कुठपर्यंत होते. चौथ्या कामाला पैसे पडत नाहीत आणि खरी माहिती बहुधा तिथेच मिळते.

पाणी येऊन गेलेल्या घराच्या खुणा गॅरेजमध्ये शोधाव्यात, कारण तिथे कुणी सजावट करत नाही. भिंतीवर जमिनीपासून बरोबर चार फुटांवर एक आडवा सांधा दिसतो का? खाली नवे पांढरे बोर्ड आणि वर जुने पिवळट? वॉटर हीटरचा तळ, गॅरेजच्या दाराच्या रुळाचे खालचे स्क्रू आणि स्वयंपाकघरातल्या कपाटांखालचे खिळे गंजलेले आहेत का? सगळे घर दहा वर्षांचे आणि तळमजल्याची फरशी, दारे, बेसबोर्ड (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) तेवढे एकाच वर्षीचे, असे दिसले तर का, ते विचारा.

हा चार फुटांचा सांधा कुठून येतो, ते समजले की पुढचा खर्चही समजतो. सांगली-कोल्हापूरला 2019 आणि 2021 ला पाणी आले. ओसरल्यावर लोकांनी गाळ उपसला, भिंती धुतल्या, वाळू दिल्या, रंग काढला. विटा-सिमेंटची भिंत ते सोसते. इथली भिंत म्हणजे लाकडी खांबांचा सांगाडा, त्यावर जिप्समचे बोर्ड आणि मध्ये कापसासारखे इन्सुलेशन. बोर्ड आठ इंच पाण्यात उभा राहिला तर दिव्यातल्या वातीसारखा पाणी वर ओढतो. आतला कापूस भिजतो, तो वाळत नाही. ह्यूस्टनच्या ऑगस्टात चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत बुरशी धरते. म्हणून पाणी टाचभर असले तरी बोर्ड चार फुटांपर्यंत कापून फेकावा लागतो. चार फूटच का, तर बोर्ड चार बाय आठ फुटांचा येतो आणि आडवा लावतात. इन्सुलेशन, बेसबोर्ड, लाकडी फरशी, प्रेसवुडची कपाटे सगळे रस्त्याच्या कडेला जाते. मग उघडा सांगाडा पंखे आणि डिह्युमिडिफायर लावून वाळवायचा, लाकडातला ओलावा मीटरने मोजायचा आणि पंधरा टक्क्यांच्या आसपास खाली आल्यावरच नवा बोर्ड चढवायचा. घाई केली की वर्षभरात भिंतीच्या आतून वास यायला लागतो. घरात एक इंच पाणी आले तर सुमारे 25,000 डॉलरचे नुकसान होऊ शकते, असे फेमाच सांगते. ‘एक इंच तर, पुसून काढू’ हा हिशेब इथे चालत नाही.

घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरत नाहीत. वारा धरतात, पण वादळाची वजावट टक्क्यांत असते. घराचे विमामूल्य 4,00,000 डॉलर आणि वजावट दोन टक्के असेल, तर छप्पर उडाल्यावर पहिले 8,000 डॉलर तुमच्या खिशातून. समुद्राला लागून असलेल्या 14 काउंट्यांत आणि हॅरिसमध्ये 146 क्रमांकाच्या महामार्गाच्या पूर्वेला वाऱ्याचाही वेगळा विमा लागू शकतो. लीग सिटी, क्लिअर लेककडे, म्हणजे नासाच्या बाजूला घर बघणाऱ्यांनी हे आधी विचारावे.

पुराचा सरकारी विमा एकाच कुटुंबाच्या घराला इमारतीसाठी जास्तीत जास्त 2,50,000 आणि सामानासाठी 1,00,000 डॉलर देतो. सामानाचा भाग वेगळा घ्यावा लागतो. अनेक जण तो गाळतात आणि मग सोफा, कपडे, लॅपटॉपसाठी काही मिळत नाही. सामानाची भरपाई घसारा वजा करून मिळते. दागिन्यांना, कलावस्तूंना धरून फक्त 2,500 डॉलरची मर्यादा आहे, रोकड तर धरतच नाहीत. मंगळसूत्र आणि पाटल्या घरातल्या तिजोरीत न ठेवता बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा आणि लॉकरही तळघरात नाही ना, बघा. घर राहण्याजोगे नसेल त्या महिन्यांचे हॉटेल किंवा भाडे या विम्यात नाही. तेवढी रक्कम बाजूला ठेवावीच लागते. पाणी ओसरल्यावर काहीही फेकण्याआधी प्रत्येक खोलीचे, पाण्याच्या रेषेचे, प्रत्येक यंत्राच्या मॉडेल नंबरचे फोटो काढा आणि गालिच्याचा, फरशीचा एक तुकडा राखून ठेवा. नुकसानीचा सहीचा दाखला 60 दिवसांत द्यावा लागतो. त्यात ‘अॅडजस्टर (नुकसान पाहणारा विम्याचा माणूस) अजून आला नाही’ ही सबब चालत नाही.

भाड्याने राहणारे स्वतःला सुरक्षित समजतात. इमारत मालकाची, हे खरे, पण सामान आणि गाडी तुमची. रेंटर्स इन्शुरन्समध्येही पूर नसतो. सामानापुरता पुराचा विमा भाडेकरूलाही मिळतो. टेक्सासमध्ये 1 जानेवारी 2022 पासून घरमालकाने जागा शंभर वर्षांच्या पूरक्षेत्रात आहे का आणि गेल्या पाच वर्षांत तिथे पाणी आले होते का, हे लेखी सांगायचे आहे. तो कागद लीजसोबत मागा आणि शक्यतो तळमजला घेऊ नका. गाडीवर नुसता लायबिलिटी विमा (दुसऱ्याच्या नुकसानीचा) असेल तर बुडालेल्या गाडीचे काही मिळत नाही, काँप्रिहेन्सिव्ह (स्वतःच्या गाडीचे पूर, चोरी असे नुकसान धरणारा) लागतो. वादळ आखातात शिरल्यावर कंपन्या नवा विमा देणे थांबवतात, तेव्हा धावपळ करून उपयोग नाही. वापरलेली गाडी घेतानाही जपा. पुरातून निघालेल्या गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या राज्यात विकल्या जातात. व्हिन नंबर (गाडीचा ओळखक्रमांक) तपासा, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून गाळाची रेघ आहे का बघा.

व्हिसावरच्या मंडळींना एक गोष्ट वादळानंतर कळते आणि तेव्हा उशीर झालेला असतो. फेमाची रोख मदत अमेरिकन नागरिक, ग्रीनकार्डधारक आणि कायद्याने ठरवलेल्या आणखी काही गटांना मिळते. एच-वन, एल-वन (नोकरीचे) आणि एफ-वन (विद्यार्थ्यांचा) व्हिसावाल्यांना ती मिळत नाही. घरात इथे जन्मलेले अल्पवयीन मूल असेल तर त्याच्या नावाने पालक अर्ज करू शकतात, त्यासाठी मुलाचा सोशल सिक्युरिटी नंबर हाताशी हवा. निवारा, अन्न, पाणी मात्र सगळ्यांना मिळते, तिथे संकोच करू नका. म्हणजे ज्याचा व्हिसा नोकरीला बांधलेला आहे, त्याच्याकडे विमा नसेल तर दुसरा आधार जवळपास नाहीच. पासपोर्ट, मूळ आय-797 (व्हिसा अर्जाच्या मंजुरीचा कागद), जन्मदाखले, विम्याच्या पॉलिसीचे पहिले पान हे झिपच्या पिशवीत घालून वरच्या मजल्यावर ठेवा. आय-94 (देशात प्रवेश केल्याची नोंद) पुन्हा छापून घेता येतो, मूळ आय-797 साठी वेगळा अर्ज आणि बराच काळ थांबावे लागते.

वादळ जवळ आल्यावर श्रेणी ऐकून निर्णय घेऊ नये. एक ते पाच ही श्रेणी फक्त वाऱ्याची आहे. 2001 च्या अॅलिसनने चक्रीवादळाचा दर्जाही गाठला नव्हता, तरी टेक्सास मेडिकल सेंटरच्या तळघरांत पाणी भरले. 2008 चे आइक दुसऱ्या श्रेणीचे, पण समुद्राच्या लाटेने बोलिव्हर द्वीपकल्प धुऊन नेला. इथे जुने सूत्र आहे : पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. समुद्राची लाट पोहोचेल असे पिनकोड ‘झिप-झोन’मध्ये कोस्टल, ए, बी, सी असे वाटलेले आहेत. तुमचा पिनकोड त्यात असेल तर सांगतील तेव्हा निघा. केटीसारख्या आत असलेल्या ठिकाणी भीतीपोटी सगळ्यांनी एकदम बाहेर पडणेही घातक. 2005 मध्ये रिटा वादळाच्या वेळी लाखो लोक हायवेवर तासन्‌तास अडकले आणि त्या पळापळीत शंभराहून अधिक माणसे गेली. रस्त्यावर पाणी असेल तर गाडी घालूच नका. बारा इंच वाहते पाणी छोटी गाडी उचलते, दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेते. अंडरपासखाली लावलेली उंचीची पट्टी त्यासाठीच असते.

खिडकीला चिकटपट्टी लावून काही होत नाही. लावायचे तर पाच अष्टमांश इंचाचे प्लायवुड लावा आणि ते मापून, भोके पाडून आधीच तयार ठेवा. दोन गाड्यांच्या गॅरेजचे रुंद दार हा घराचा सगळ्यात कच्चा भाग. ते आत दबले की वारा आत शिरतो आणि छप्पर खालून उचलतो. घर बघताना त्या दारावर वाऱ्याच्या दाबाचे लेबल आहे का पाहा. जुलै 2024 मध्ये बेरिल पहिल्याच श्रेणीचे होते, पण 22 लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली, कित्येकांची भर उन्हाळ्यात आठवडाभर. जनरेटर घराबाहेर किमान 20 फुटांवर, खिडक्यांपासून दूर ठेवा. गॅरेजमध्ये शटर उघडे ठेवूनही चालवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि तो भिंतीच्या सॉकेटला उलटा जोडू नका, रस्त्यावर काम करणारा लाइनमन मरू शकतो. इन्सुलिन लागणारे आईवडील भेटीला आले असतील तर बर्फाची पेटी आणि वीज गेल्यास जाता येईल अशी दोन ठिकाणे आधी ठरवा.

फ्लोरिडाला, विशेषतः टँपाकडे जाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की तिथला ‘इव्हॅक्युएशन झोन ए’ आणि विम्याचा ‘फ्लड झोन ए’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2024 च्या सप्टेंबरात हेलीन वादळ टँपापासून दूर समुद्रातून गेले, तरी खाडीचे पाणी घरांत शिरले.

शेवटी तारखेचे. वादळांचा मोसम 1 जून ते 30 नोव्हेंबर, जोर ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. शाळा संपल्या की जूनमध्ये घरे हलवायची आपली पद्धत बरोबर मोसमाच्या तोंडावर येते. पुराचा सरकारी विमा घेतल्यावर साधारणपणे 30 दिवसांनी लागू होतो. कर्जाने घर घेताना कर्जासंदर्भातच क्लोजिंगच्या (खरेदीच्या अंतिम सह्यांच्या) आधी अर्ज केला तर ही वाट पाहावी लागत नाही, तेव्हा बँक मागो न मागो, तो तेव्हाच घ्या. रोखीने घर घेणाऱ्याला, भाडेकरूला आणि आधीपासून राहणाऱ्याला मात्र 30 दिवस मोजावेच लागतात. महाराष्ट्र दिनाला अर्ज आणि पैसे भरले, तर 31 मेला विमा लागू होतो.

आपले नम्र,
घरखरेदी आणि विम्याच्या कामात असलेले काही मराठी वाचक,
ह्यूस्टन, टेक्सास